नदीपलीकडच्या आठ जणी आणि माझं अठ्ठाविसावं वर्ष

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. तिचं नाव 'एमबीए फायनल ३'. (इंजिनिअर मंडळींना सांगायला नको, १ आणि २ सुद्धा 'फायनल'च होत्या.) त्यात देशातल्या आणि परदेशातल्या एकोणीस बिझनेस स्कूलच्या ओळी आहेत. पुढे कॉलम : फी, कोर्सचा कालावधी, जीमॅट किंवा कॅटचा स्कोअर, शिष्यवृत्ती, अर्जाची शेवटची तारीख. अगदी उजवीकडचे दोन कॉलम मी नंतर टाकले. एक 'बॅचचं सरासरी वय' आणि दुसरा 'मुलींची टक्केवारी'.

हे दोन कॉलम सुचले ते मागच्या वर्षीच्या एका मुलाखतीनंतर. एका संस्थेच्या एक वर्षाच्या कोर्ससाठी मला बोलावलं होतं. माझ्याच टीममधल्या एका मित्रालाही बोलावलं होतं. आमचं वय सारखं, अनुभव सारखा, प्रोजेक्टसुद्धा एकच. त्याला विचारलं, 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?' मलाही तेच विचारलं, पण त्याच्या मागोमाग आणखी एक प्रश्न आला : 'म्हणजे लग्न वगैरे धरून?' पॅनलवरचे तिघंही हसले. मीही हसले, कारण अशा वेळी दुसरं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. माझी निवड झाली नाही. त्या प्रश्नामुळेच झाली नाही असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी माझी इतर उत्तरंही काही फार भारी नव्हती. पण घरी येताना, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलेली असताना, एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. त्याचं अठ्ठावीस हे वय 'अनुभव' होतं. माझं अठ्ठावीस 'लग्न वगैरे' होतं. आकडा एकच, मग त्याचे दोन अर्थ कसे झाले?

कोड चुकीचा चालला की आम्ही जुने बदल तपासत मागे मागे जातो. ही ओळ कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली, ते शोधतो. बिझनेस स्कूलच्या दरवाज्याबाबतही मी तेच केलं. जे सापडलं ते इथे मांडतेय.

आधी डॉक्टर, मग वकील, शेवटी मॅनेजर

आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली. परीक्षा देता आली, पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवी देत नसे. त्यांच्या हातात पदवी पडली १९२२ साली, तब्बल तीस वर्षांनी.

ही दोन नावं घेण्याचं कारण म्हणजे त्यांच्या तारखा. हार्वर्ड बिझनेस स्कूलची स्थापना १९०८ सालची. एमबीए या पदवीची सुरुवात तिथली. म्हणजे पुरुषांसाठीसुद्धा हे शिक्षण सुरू व्हायच्या बावीस वर्षं आधी आपली एक मराठी मुलगी अमेरिकेतून डॉक्टर झाली होती. त्याच हार्वर्डच्या मेडिकल स्कूलने बायकांना प्रवेश दिला १९४५ साली, लॉ स्कूलने १९५० साली आणि बिझनेस स्कूलच्या दोन वर्षांच्या एमबीएला थेट प्रवेश मिळाला १९६३ साली. तिघांत धाकटं स्कूल बिझनेसचं, आणि दार उघडायला सगळ्यांत उशीर त्याचाच.

असं का? मला पटलेलं उत्तर साधं आहे. बाईला तपासायला बाई डॉक्टर हवी, हा युक्तिवाद सनातनी घरातही चालत असे. पडदानशीन बायकांची बाजू मांडायला बाई वकील हवी, हेही समजावता येत असे. सोराबजींनी पुढे तेच काम केलं. पण कारखान्यात हजार पुरुषांवर हुकूम चालवायला बाई कशाला हवी, याला त्या काळी कुणाकडे सोयीचं उत्तर नव्हतं. डॉक्टरकी आणि वकिलीत 'सेवा' दाखवता येत होती. मॅनेजमेंटमध्ये उघडउघड सत्ता होती.

कोर्स तोच, पदवी नाही

तरीही हार्वर्डने मधली एक वाट काढली होती, आणि ती या इतिहासातली मला सगळ्यांत बोलकी गोष्ट वाटते. १९३७ साली रॅडक्लिफ या हार्वर्डच्या जोडीने चालणाऱ्या मुलींच्या कॉलेजात एक वर्षाचा कोर्स सुरू झाला. त्याचं नाव 'ट्रेनिंग कोर्स इन पर्सोनेल अॅडमिनिस्ट्रेशन', म्हणजे कर्मचारी व्यवस्थापनाचं प्रशिक्षण. शिकवायला हार्वर्ड बिझनेस स्कूलचेच प्राध्यापक आणि पद्धतही तीच, खऱ्या कंपन्यांच्या 'केस' घेऊन चर्चा करण्याची. पण शेवटी मिळायचं ते प्रमाणपत्र. एमबीए नाही.

कोर्सच्या नावातही एक गंमत आहे. फायनान्स नाही, उत्पादन नाही, 'पर्सोनेल'. माणसं सांभाळणं हे बाईचं काम, ही समजूत त्या नावातच बसवलेली होती. आजही आपल्या ऑफिसात एचआर म्हटलं की डोळ्यासमोर बाई येते आणि सीएफओ म्हटलं की पुरुष. त्या समजुतीचं एक मूळ इथे सापडतं.

पुढे कोर्सचं नाव बदलत गेलं आणि विषय वाढत गेले. १९५९ साली हा एक वर्षाचा कोर्स पूर्ण केलेल्या मुलींना हार्वर्डच्या एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला अर्ज करण्याची मुभा मिळाली. म्हणजे मागच्या दाराने, आणि तेही अर्ध्या वाटेपासून. १९६३ साली मुलींना थेट पहिल्या वर्षाला प्रवेश मिळू लागला आणि रॅडक्लिफचा कोर्स बंद झाला. त्या वर्षी आठ जणी दाखल झाल्या. वर्गबंधू होते सहाशेहून अधिक.

बिझनेस स्कूलचं कॅम्पस चार्ल्स नदीच्या एका काठावर आहे आणि रॅडक्लिफ दुसऱ्या काठाला, केंब्रिजमध्ये. मुलगे कॅम्पसवरच्या वसतिगृहात राहायचे. या आठ जणींची सोय नदीपलीकडे होती. केस स्टडीचा अभ्यास रात्री गटात बसून होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात कोण काय बोलणार हे बरंचसं त्या गप्पांत ठरतं. तुम्ही कधी होस्टेलवर राहिला असाल तर आठवा : खरी तयारी लेक्चरला होते की रात्री एकच्या चहाला? प्रवेश मिळणं वेगळं आणि आत असणं वेगळं. या दोहोंमध्ये एक नदी होती, आणि तिच्यावरून रोज पूल ओलांडून यावं लागत होतं.

बाकीच्या ठिकाणीही घाई नव्हतीच. फ्रान्समधलं इन्सियाड १९५७ साली सुरू झालं आणि पहिल्या दोन मुली तिथे १९६७ साली आल्या. अमेरिकेतल्या टक स्कूलने १९६८ साली मुलींना प्रवेश दिला. टक १९०० सालचं, म्हणजे जवळपास सात दशकं गेली. हार्वर्डमधून एमबीए झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीचं, लिलियन लिंकन यांचं वर्ष होतं १९६९. हार्वर्डची एमबीए झालेल्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नैना लाल किडवई १९८२ सालच्या.

वय वाढलं ते कुणासाठी?

आता दुसरा कॉलम : वय. मला आधी वाटायचं की वयाचा प्रश्न कायमच होता. तसं नाही. सुरुवातीच्या काळात बरेच विद्यार्थी कॉलेज संपवून सरळ बिझनेस स्कूलमध्ये यायचे. वयाने मोठ्या विद्यार्थ्यांची पहिली लाट आणली ती दुसऱ्या महायुद्धाने.

युद्धाच्या काळात हार्वर्ड बिझनेस स्कूलने नेहमीचं एमबीए थांबवून लष्करी अधिकाऱ्यांना शिकवायचं काम हातात घेतलं. युद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांसाठी सरकारने १९४४ सालच्या 'जीआय बिल' या कायद्यानुसार शिक्षणाची फी भरली. वर्ग सैनिकांनी भरून गेले. १९४९ साली पास झालेली बॅच तर पुढे अमेरिकेत दंतकथाच झाली. तिच्यातले कित्येक जण मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रमुखपदी पोचले आणि तिचं वर्णन 'जिच्यावर डॉलर बरसले ती बॅच' असं झालं.

हे विद्यार्थी वयाने मोठे होते, अनेकांची लग्नं झालेली होती, काहींना मुलं होती. कुणी त्यांना 'आता उशीर झाला' म्हटलं नाही. उलट सैन्यात गेलेली चार वर्षं त्यांची परिपक्वता ठरली. घर चालवायला बायका होत्याच. त्या काळात अनेक अमेरिकी विद्यापीठांत अशा बायकांना गमतीने एक 'पदवी' देत असत : 'पीएचटी'. पुटिंग हबी थ्रू, म्हणजे नवऱ्याला पार पाडणारी. छापील प्रमाणपत्र, सही-शिक्का, सगळं असायचं. चेष्टाच होती, पण काम खरं होतं. पुरुषाचं वय वाढलेलं, संसार मांडलेला आणि तरीही तो विद्यार्थी, हे ज्या व्यवस्थेमुळे जमलं, ती व्यवस्था म्हणजे त्याची बायको.

पुढे, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकांत, नोकरीचा अनुभव ही चांगल्या बिझनेस स्कूलची जवळजवळ अटच झाली. केस स्टडीवर बोलायचं तर पाठीशी काही काम हवं, हे खरंच आहे. कंपन्यांनाही अनुभवी पोरं हवी होती. आज अमेरिकेतल्या मोठ्या स्कूलच्या बॅचचं सरासरी वय सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास असतं. इन्सियाडला एकोणतीस.

त्याच काळात मुलींसाठी कायद्याने दारं उघडत होती. १९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' आलं, आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करायला बंदी झाली. १९७५ साली वयाबाबतही तसा कायदा झाला. हार्वर्डमध्ये ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत मुलींचा वाटा साधारण एक चतुर्थांश झाला. पण मग वेग मंदावला. २००० सालाच्या सुमारास अमेरिकेतल्या लॉ आणि मेडिकल कॉलेजांत मुली जवळपास निम्म्या होत्या, तर मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये साधारण तीस टक्के. मुलींना गणित जमत नाही म्हणावं तर मेडिकलचं काय? स्पर्धा झेपत नाही म्हणावं तर लॉचं काय?

बऱ्याच जणांनी बोट ठेवलं ते वयावर. लॉ आणि मेडिकलला मुलगी पदवीनंतर बावीस-तेविसाव्या वर्षी जाऊ शकते. बिझनेस स्कूल म्हणतं, आधी चार-पाच वर्षं नोकरी कर, मग ये. म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी प्रवेश, एकोणतिसाव्या वर्षी पदवी, आणि मग करिअरची सगळ्यांत धावपळीची वर्षं नेमकी तिशीच्या पहिल्या टप्प्यात. नियमात 'मुलींनी येऊ नये' असं कुठेच लिहिलेलं नाही. पण नियमाने मागितलेली वर्षं पुरुषाच्या आयुष्यात रिकामी होती आणि बाईच्या आयुष्यात ती आधीच कुणीतरी बुक करून ठेवली होती. सैन्यात गेलेली वर्षं 'अनुभव' म्हणून मोजली गेली. बाळंतपणात गेलेली वर्षं रेझ्युमेत 'गॅप' म्हणून येतात.

२००७ साली हार्वर्डने 'टू प्लस टू' नावाची योजना जाहीर केली. कॉलेजात असतानाच अर्ज करायचा, जागा पक्की करायची, मग दोन वर्षं नोकरी आणि दोन वर्षं एमबीए. वेगवेगळ्या विषयांची पोरं लवकर ओढून घेणं हा तिचा मुख्य हेतू. पण मुलींच्या दृष्टीने तिने घड्याळाचा काटाही थोडा मागे नेला.

आत गेल्यावर

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण २०१० साली हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन झाले नितीन नोहरिया, आपल्या पवईच्या आयआयटीचे केमिकल इंजिनिअर. त्यांच्यासमोर असलेली अडचण वेगळी होती. मुली प्रवेशाच्या वेळी मुलांच्या बरोबरीच्या असायच्या आणि वर्ग सुरू झाल्यावर गुणांत मागे पडायच्या. गुणांचा मोठा वाटा वर्गात बोलण्यावर. आणि कोण किती छान बोललं, हे प्राध्यापकाच्या आठवणीवर. मग शाळेने वर्गात स्टेनोग्राफर बसवले, म्हणजे कोण काय बोललं याची नोंद राहील आणि आठवणीवर विसंबावं लागणार नाही. मुलींचे गुण सुधारले.

मला इंजिनिअर म्हणून हा उपाय फार आवडला. कुणाला भाषण दिलं नाही, फक्त लॉग ठेवला.

२०१४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका कार्यक्रमात नोहरियांनी शाळेच्या वतीने बायकांची जाहीर माफी मागितली. विद्यार्थिनींना इथे परकं आणि अपमानित वाटत आलं, हे त्यांनी मान्य केलं. हार्वर्डच्या केस स्टडींपैकी जेमतेम नऊ टक्क्यांत मध्यवर्ती व्यक्ती बाई होती. ते प्रमाण पाच वर्षांत वीस टक्क्यांवर नेऊ, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या आठ जणी पूल ओलांडून आल्या त्याला तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती.

आणि पदवीनंतर? मारिआन बर्ट्रांड, क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ या तीन अर्थशास्त्रज्ञांचा २०१० सालचा एक अभ्यास आहे. (गोल्डिनबाईंना २०२३ साली नोबेल मिळालं.) शिकागोच्या बिझनेस स्कूलमधून १९९० ते २००६ या काळात एमबीए झालेल्यांच्या कमाईचा त्यांनी माग काढला. सुरुवातीला स्त्री-पुरुषांच्या पगारात फरक थोडा. जसजशी वर्षं जातात तसतसा तो रुंदावत जातो. कारणं मुख्यतः तीन : कॉलेजात फायनान्सचे विषय किती घेतले आणि गुण किती मिळाले, नोकरीत खंड किती पडला, आणि आठवड्याला काम किती तास. शेवटच्या दोहोंचं मूळ बहुतेक वेळा एकच, मूल होणं. ज्या बायकांना मूल नव्हतं आणि ज्यांच्या नोकरीत खंड पडला नव्हता, त्यांची कमाई पुरुषांच्या बरीच जवळ होती.

म्हणजे पॅनलवरच्या त्या माणसाचा प्रश्न चुकीचा होता का? त्याच्याकडे आकडेवारी असती तर तो म्हणाला असता, 'बघा, लग्न वगैरे धरावंच लागतं.' पण हाच अभ्यास मी दुसऱ्या बाजूनेही वाचते. वडील झालेल्या पुरुषांच्या कमाईला असा फटका बसत नाही. मूल दोघांचं, खंड एकीचा. असं असेल तर प्रश्न दोघांनाही विचारायला हवा, नाहीतर कुणालाच नको.

आपल्याकडची चाळणी वेगळी

भारतात हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही, आणि इथे मला स्वतःचाच एक समज दुरुस्त करावा लागला.

कलकत्ता आणि अहमदाबादच्या आयआयएम १९६१ सालच्या. अहमदाबादला विक्रम साराभाईंचा पुढाकार आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलचं सहकार्य. तिथल्या अगदी सुरुवातीच्या प्राध्यापक आणि सगळे अभ्यासक्रम उभे करणाऱ्या समन्वयक होत्या कमला चौधरी. मानसशास्त्रज्ञ, आणि त्याआधी अहमदाबादच्या कापड गिरण्यांच्या संशोधन संस्थेत काम केलेल्या. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. हार्वर्डमध्ये आठ मुली विद्यार्थिनी म्हणून आत येत होत्या, त्या सुमारास अहमदाबादेत एक बाई संस्था घडवत होती. आपल्या मुंबईचं जमनालाल बजाज १९६५ सालचं.

भारतातल्या या दोन वर्षांच्या कोर्सना अनुभवाची सक्ती नव्हती आणि आजही नाही. बावीस-तेवीस वर्षांची, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं कॅट देतात आणि आत जातात. वय हीच खरी अडचण असती तर आपल्याकडे मुली निम्म्या असायला हव्या होत्या. पण २००० नंतरच्या दशकात बड्या आयआयएमच्या अनेक बॅचमध्ये मुली दहा ते वीस टक्क्यांच्या घरात होत्या. म्हणजे अमेरिकेपेक्षाही कमी.

कारण आपल्याकडची चाळणी आधीच लागलेली असते. कॅटमध्ये वरचा पर्सेंटाइल मिळवणाऱ्यांत इंजिनिअर मुलग्यांचा भरणा, आणि आयआयटीमध्ये तर २०१६-१७ पर्यंत मुली दहा टक्क्यांच्याही आत होत्या. मुलीला कोट्याला पाठवायचं की गावातल्याच कॉलेजात बीकॉमला घालायचं, हे घरात सोळाव्या वर्षी ठरतं. आयआयएमच्या मुलाखतीत फक्त त्याचा निकाल दिसतो. माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गात आम्ही साठांत अकरा होतो. अमेरिकेत बाईचं वय सत्ताविसाव्या वर्षी आड आलं. आपल्याकडे ते सोळाव्या वर्षीच आलं होतं, आणि माझ्यासारखी जी त्यातून निसटून नोकरीला लागली, तिच्या वाट्याला ते अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा येतं.

२०१० नंतर काही आयआयएमनी निवडीच्या सूत्रात बदल केले. इंजिनिअर नसलेल्यांना आणि मुलींना काही जादा गुण दिले. कोझिकोडला २०१३ सालच्या बॅचमध्ये मुली निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के झाल्या. त्याच कोझिकोडने २०१९ पासून मुलींसाठी ६० जादा जागा काढल्या. आयआयटींनीही २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा सुरू केल्या आणि प्रमाण वीस टक्क्यांकडे नेलं. या जागा कुणाच्या जागा कापून दिलेल्या नाहीत, वर वाढवलेल्या आहेत.

हे वाचताना काही जणांच्या कपाळावर आठी आली असेल. माझा तोच मित्र मला एकदा म्हणाला होता, 'तुला काय, मुलगी म्हणून मिळून जाईल.' मला राग आला आणि उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. मेरिट मोजायची पट्टी कुणीतरी बनवलेली असते. १९५३ साली अमेरिकेतली नऊ बिझनेस स्कूल एकत्र बसली आणि त्यातून आजची जीमॅट जन्मली. पहिल्या वर्षाला कुणाला चांगले गुण मिळतील याचा अंदाज यावा, एवढाच तिचा उद्देश. त्या वर्षी त्या पहिल्या वर्षात बसायची परवानगी मुलींना हार्वर्डमध्ये नव्हती. पट्टी वाईट नाही, मीही तिच्यावरच स्वतःला मोजून घेतलंय. पण ती आभाळातून पडलेली नाही, हे मोजताना लक्षात असावं. जादा गुणांवर वाद जरूर घाला, मलाही ते कायमचे नकोत. पण मग सोळाव्या वर्षीच्या चाळणीवरही तितक्याच आवाजात बोला.

आईची परीक्षा

दिवाळीला बार्शीला गेले तेव्हा हे सगळं आईला सांगत होते. आई बँकेत क्लार्क होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. मला वाटलं, तिला यात कितपत रस असणार. ती चकल्या तळता तळता ऐकत होती. नदीपलीकडच्या मुलींचं सांगितल्यावर म्हणाली, 'मग रात्री परत जाताना सोबतीला कोण असायचं त्यांच्या?' हा प्रश्न मला एवढं वाचूनही सुचला नव्हता.

मग बऱ्याच वेळाने, झारा बाजूला ठेवून, तिने सांगितलं. मी तिसरीत असताना बँकेत ऑफिसर पदाची अंतर्गत परीक्षा होती. तिचा अभ्यास झाला होता. पुस्तकं तिने माझ्या वह्यांच्या कपाटात ठेवली होती. पण पास झालं की बदली, आणि बदली म्हणजे मला आणि आजीला कुणी बघायचं? तिने फॉर्मच भरला नाही. 'नापास झाले असते तर चाललं असतं गं,' ती म्हणाली, 'पण पास होईन असं वाटत होतं, म्हणून नाही भरला.' तिच्यासोबत लागलेले दोघं जण मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. बाबाही तेव्हा नोकरीतच होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी आपणहून सांगितलंही नव्हतं.

गेली तीन वर्षं हीच आई मला फोनवर म्हणत आलीय, 'अगं, दोन वर्षं तिकडे गेली की तीस होशील.' मला ते फक्त लग्नाचं टुमणं वाटायचं. त्या वाक्यामागे तिचा स्वतःचा हिशेब होता, हे मला त्या दिवशी कळलं. गोल्डिनबाईंना शिकागोच्या शेकडो एमबीएंची आकडेवारी तपासून जे सापडलं, ते माझ्या घरात एका कपाटात वह्यांमागे ठेवलेलं होतं.

पुण्याला परत आल्यावर मी शीट उघडली. 'सरासरी वय' हा कॉलम पुसून टाकावा असं एकदा वाटलं, पण ठेवला. माहिती पुसून काही होत नाही. फक्त त्याच्या शेजारी आणखी एक कॉलम टाकला : 'मुलाखतीत काय विचारलं'. यंदा मी तीन ठिकाणी अर्ज करतेय. प्रत्येक मुलाखतीनंतर मला काय विचारलं आणि माझ्या ओळखीतल्या मुलांना काय विचारलं, ते त्याच रात्री लिहून ठेवणार आहे. स्टेनोग्राफर मला परवडणार नाही, तेव्हा लॉग मीच ठेवीन. तुम्हीही यंदा मुलाखतीला जाणार असाल, मुलगा असा की मुलगी, तर लिहून ठेवा.

काल रात्री आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, 'फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?'

'मंगळवार.'

'मंगळवारपर्यंत कशाला थांबतेस,' ती म्हणाली. 'उद्याच भरून टाक.'